गोमेच्या आतड्यापासून मलेरियापर्यंत

वसईत पाऊस लागला की न्हाणीघराच्या कोपऱ्यात एखादी गोम निघतेच. आपण आधी चप्पल शोधतो. पण परजीवीशास्त्र वाचणार असाल तर तिच्या आतड्याशी तुमचा जवळचा संबंध आहे.

स्किझोगनी, स्पोरोगनी हे शब्द तुम्ही मलेरियाच्या धड्यात पाठ केले असतील. हे चक्र तपशिलात मांडणाऱ्या कामांपैकी एक झालं ते गोमेत. १९०० साली जर्मनीच्या फ्रिट्झ शाउडिनने लिथोबियस या १५ पायजोड्यांच्या गोमेतल्या कॉक्सिडियाचं (पुढे नाव आयमेरिया शुबर्गी) जीवनचक्र प्रसिद्ध केलं: आतड्याच्या पेशीत अलैंगिक पिढ्या, मग लैंगिक पिढी, मग भक्कम कवचातली बीजं. काम उत्तमच होतं. आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला, असं मला वाटतं.

१९०३ साली त्याने लिहिलं, की व्हायव्हॅक्सचा स्पोरोझॉइट थेट लाल पेशीत शिरताना आपण पाहिला. गोमेत परजीवी थेट पेशीत शिरतो, तर इथेही शिरत असणार! नाव मोठं, त्यामुळे दावा पुस्तकांत बसला. इतरांना तो प्रयोग जमेना, तरी. १९०६ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी शाउडिन गेला. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी परजीवी आधी यकृतात वाढतो हे माकडात आणि मग माणसात दाखवलं. शॉर्ट हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. म्हणजे ४५ वर्षं.

आता वर्गीकरण. ल्यूकार्टने १८७९ मध्ये बीजं करणाऱ्या साऱ्या परजीवींना 'स्पोरोझोआ' या एका पोत्यात भरलं. गोमेतले ग्रेगरिन (हे बहुतेक पेशीबाहेर, आतड्याला चिकटून राहतात), कॉक्सिडिया, आणि पुढे मलेरियाही, सगळे त्यात. मायक्रोस्पोरिडियाही होते, पण ते बुरशीचे नातलग निघाले. नुसत्या बीजावरून नातं ठरवलं की असं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या टोकाशी एक खास रचना दिसली, म्हणून १९७० मध्ये लेव्हिनने 'एपिकॉम्प्लेक्सा' हे नाव दिलं. ग्रेगरिन, कॉक्सिडिया आणि मलेरिया मात्र त्यात एकत्रच राहिले.

व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात, म्हणून ताप उतरल्यावरही डॉक्टर १४ दिवस प्रायमाक्विन देतात. गोळ्या मधेच सोडणारा शेजारी आपल्याकडे प्रत्येक चाळीत सापडेल.