कमावलेली झडप : हृदयातील ऊतक-झडपांचा इतिहास आणि त्यांचे नाव

मराठीतील ‘कमावणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ सर्वपरिचित आहेत. धन कमावले जाते, त्याचप्रमाणे कातडेही कमावले जाते. दुसऱ्या अर्थी या क्रियापदात एक संपूर्ण कारागिरी सामावलेली आहे. मेलेल्या जनावराचे कातडे तसेच ठेवले तर ते कुजते. नुसते वाळवले तर ताठरते आणि तडकते. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या द्रव्यांच्या पाण्यात ते योग्य काळ मुरवले म्हणजे मात्र ते कुजत नाही, मऊ राहते आणि वर्षानुवर्षे टिकते. ते पुन्हा जिवंत होत नाही, परंतु नाशही पावत नाही. जीवन आणि नाश यांच्या मधली ही अवस्था दाखविणारा एवढा नेमका शब्द पुष्कळ भाषांत आढळत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयाच्या शस्त्रक्रियेत जो एक महत्त्वाचा शोध लागला, त्याचे मर्म या एकाच क्रियापदात सांगता येते.

हृदयात चार झडपा असतात. रक्ताला पुढे जाऊ देणे आणि मागे फिरू न देणे, एवढेच त्यांचे काम. परंतु ते दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा, म्हणजे वर्षात साडेतीन कोटींहून अधिक वेळा करावे लागते. डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्या मधील द्विदली झडपेस पाश्चात्य शरीरशास्त्रात ‘मायट्रल’ म्हणतात. ख्रिस्ती धर्माध्यक्षाच्या दुटोकी शिरस्त्राणाशी तिची तुलना सोळाव्या शतकात व्हेसेलियस याने केली आणि ते नाव रूढ झाले. जवनिकेतून महारोहिणीत रक्त जाते त्या दाराशी असलेल्या झडपेला तीन पाती असतात. या दोन झडपांवर रक्तदाबाचा भार अधिक पडतो व त्याच बहुधा बिघडतात. बिघाड दोन तऱ्हांचा : झडप आखडून दार अरुंद होते, किंवा ती नीट मिटत नाही आणि रक्त उलट वाहते. वार्धक्यात पाती चुन्याने ताठ होतात. तरुण वयात मुख्य कारण संधिवाती ज्वर हे असते. घशाच्या साध्या जंतुसंसर्गातून उद्भवणारा हा ज्वर दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब वस्त्यांतील मुलांना विशेष गाठतो, आणि त्याचे हृदयावरील व्रण आयुष्यभर राहतात.

बिघडलेली झडप बदलण्याचा विचार प्रथम यंत्राच्या अंगाने झाला. १९५२ साली वॉशिंग्टन येथे चार्ल्स हफनेगल यांनी पिंजऱ्यात खेळणाऱ्या गोळीची कृत्रिम झडप एका रुग्णाच्या छातीतील उतरत्या महारोहिणीत बसवली. हृदयाच्या आत हात घालणे त्या वेळी शक्य नव्हते. १९५३ साली फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने शस्त्रक्रिया यशस्वी केल्यावर ती वाट मोकळी झाली. १९६० साली बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी महारोहिणीच्या झडपेच्या मूळ जागी, तर ऑरेगन प्रांतातील पोर्टलंड येथे अल्बर्ट स्टार यांनी लॉवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या सहकार्याने द्विदली झडपेच्या जागी गोळीची झडप बसवली. या झडपा झिजत नसत. त्यांचा दोष वेगळाच होता. परक्या पृष्ठभागाशी संबंध आला की रक्त गोठते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर रुग्णाला पक्षाघात होतो. यासाठी वॉरफरिनसारखे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि त्याची मात्रा रक्त वरचेवर तपासून ठरवावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव, अशी ही तारेवरची कसरत आहे. या औषधाला लोकव्यवहारात ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतात. शास्त्रदृष्ट्या ते चूक आहे, कारण रक्त पातळ होत नाही, केवळ गोठण्यास मंद होते. परंतु वैद्यही रुग्णाशी बोलताना हाच प्रयोग करतात.

यंत्राला पर्याय म्हणून निसर्गाकडे वळण्याची कल्पना याच सुमारास आली. टोरांटो येथील गॉर्डन मरे यांनी १९५५ साली मृत मनुष्याची महारोहिणी-झडप दुसऱ्याच्या उतरत्या महारोहिणीत जोडली. १९६२ साली लंडनमध्ये डोनल्ड रॉस यांनी, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ब्रायन बॅरट-बॉइज यांनी स्वतंत्रपणे, अशी मानवी झडप हृदयातील मूळ जागीच बसवली. या झडपांवर गुठळ्या होत नसत. रॉस यांनी १९६७ साली त्याहून धाडसी मार्ग काढला. रुग्णाची स्वतःचीच फुप्फुसरोहिणीची झडप काढून ती महारोहिणीच्या जागी लावावयाची आणि रिकाम्या जागी मृत दात्याची झडप घालावयाची, असा तो मार्ग होता. परंतु मानवी झडपांचा पुरवठा शवविच्छेदनावर अवलंबून. हव्या त्या वेळी हव्या त्या आकाराची झडप मिळणे दुर्घट. कोणत्याही मोठ्या शहरात जी वस्तू रोज आणि विपुल मिळते, ती खाटीकखान्यातील डुकराच्या हृदयाची झडप. आकाराने आणि रचनेने ती मानवी झडपेशी पुष्कळच जुळते.

सप्टेंबर १९६५ मध्ये पॅरिस येथे झां-पोल बिने आणि त्यांचे तरुण सहकारी आलें कार्पांतिए यांनी डुकराची झडप मनुष्याच्या हृदयात प्रथम यशस्वीपणे बसवली. ती पाऱ्याच्या संयुगाच्या द्रावणात जतन केलेली होती. प्रारंभीचा आनंद टिकला नाही. या झडपांपैकी अनेक झडपा थोड्याच काळात निकामी होऊ लागल्या. पाती आखडत, विरत, फाटत. इतरत्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या झडपा वापरून पाहण्यात आल्या, पण त्यांचीही गत फारशी वेगळी झाली नाही, कारण फॉर्मॅलिनने जोडलेले बंध काळाने सुटतात.

येथे कार्पांतिए यांनी जे केले ते एखाद्या शल्यविशारदाकडून सहसा अपेक्षित नसते. अपयशाचे मूळ टाक्यांत नसून द्रव्यात आहे, असे त्यांना दिसून आले. काढलेल्या झडपा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा रुग्णाच्या रक्तातील दाहक पेशी पात्यांत शिरलेल्या आणि आतील कोलॅजेनचे तंतू मोडलेले आढळले. शस्त्रक्रियेतील प्रावीण्य येथे उपयोगी पडणारे नव्हते. म्हणून रसायनशास्त्र शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यापीठाची पायरी चढले आणि पुढे त्या विषयाचे डॉक्टरही झाले. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते : झडपेतील परकेपणा, ज्यामुळे शरीर तिच्यावर धावून जाते, तो कसा पुसावा, आणि कोलॅजेनचे तंतू पक्के कसे करावेत. दोहोंचे बव्हंशी उत्तर ग्लुटराल्डिहाइड या एका द्रव्यात मिळाले. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक सक्रिय गट असतो, आणि त्यामुळे कोलॅजेनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना तो दोन हातांनी घट्ट बांधून ठेवतो. हे बंध फॉर्मॅलिनच्या बंधांसारखे सुटत नाहीत. हे द्रव्य नवे नव्हते. इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकासाठी ऊतके स्थिर करण्यास ते वापरत, आणि कातडे कमावण्याच्या धंद्यातही त्याला स्थान होते. १९६८ साली या पद्धतीने तयार केलेल्या झडपा रुग्णांना बसविण्यास प्रारंभ झाला. त्यांना कापडाने मढविलेल्या चौकटीचा आधार दिल्यामुळे त्या द्विदली झडपेच्या जागीही लावता येऊ लागल्या. चर्मकाराच्या कुंडात जे घडते, त्याच जातीची क्रिया पॅरिसमधील प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात घडत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या वस्तूला कार्पांतिए यांनी दिलेले नाव भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. तोवर अशा झडपांना ‘ग्राफ्ट’ म्हणत : मानवी असेल तर सजातीय, प्राण्याची असेल तर विजातीय. मराठीत त्याला ‘कलम’ म्हणतात. कोकणातील आंब्याचे कलम ज्याने बांधले आहे त्याला या शब्दाचा आशय समजावून सांगावा लागत नाही : खुंट आणि डहाळी एकजीव होतात, रस एकातून दुसऱ्यात वाहतो, डहाळी जगते. ‘ग्राफ्ट’ म्हटले की जगण्याची ही अपेक्षा शब्दाबरोबरच येते. डुकराची झडप मात्र माणसात जगणार नव्हती, आणि ती जगण्याचा प्रयत्न करील तोवर शरीर तिला छळणारच होते. कार्पांतिए यांनी ‘बायोप्रोस्थेसिस’ हा शब्द योजला. ‘प्रोस्थेसिस’ म्हणजे कृत्रिम अवयव, लाकडी पायासारखा. ‘बायो’ हे पूर्वपद केवळ तिचे द्रव्य सांगते. ही झडप जीवापासून आलेली आहे, पण जिवंत नाही, आणि तिने जिवंत असू नये हेच इष्ट होय, एवढे सारे त्या एका समासात आले. नावाने शोध लागला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु ‘कलम’ ही कल्पना सोडून दिल्यावाचून मूळ प्रश्न नीट मांडता आला नसता, असे मात्र निश्चित वाटते. मराठी परिभाषाकारांनी ‘जैव कृत्रिम झडप’ असा शब्द केला आहे. तो शुद्ध आहे, परंतु ‘कमावलेली झडप’ म्हटले असते तर तो कोल्हापुरातील वहाणा करणाऱ्यालाही कळला असता.

पुढील विस्तार त्वरेने झाला. कॅलिफोर्नियात वॉरन हॅनकॉक यांनी डुकराच्या झडपांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. लीड्स येथे मरियन योनेस्कू यांनी १९७१ साली झडपच न वापरता बैलाच्या हृदयाभोवतीचे आवरण कापून त्याची पाती शिवली. हा मार्ग अधिक कारागिरीचा आणि, जनावराच्या झडपेच्या मापाचे बंधन नसल्यामुळे, अधिक मोकळा होता. त्या पिढीतील झडपा शिवणीच्या कोपऱ्यांशी फाटत, म्हणून त्या मागे पडल्या. सुधारलेल्या रचनेची आवरणाची झडप १९८० नंतर आली आणि टिकली.

कमावलेल्या कातड्यालाही शेवट असतो. या झडपांत काही वर्षांनी कॅल्शियम साचते आणि पाती ताठरतात. आश्चर्य असे की, जे द्रव्य झडपेला टिकवते त्याचेच उरलेले सक्रिय गट या साचण्यास हातभार लावतात. पासष्ट-सत्तर वर्षांच्या माणसात ती पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते. मुलांत आणि तरुणांत मात्र फार लवकर निकामी होते, कारण वाढत्या शरीरात कॅल्शियमची उलाढाल जोमदार असते. ज्यांना ती सर्वांत अधिक काळ हवी, त्यांच्यातच ती सर्वांत कमी टिकते.

भारतात हा पेच विशेष तीव्र आहे. येथे झडपेचा रुग्ण पुष्कळदा संधिवाती ज्वराने पोळलेला तरुण, आणि अनेकदा विवाहित तरुण स्त्री असते. यांत्रिक झडप घातली तर वॉरफरिन आले. ते गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भास अपाय करते, आणि थांबवावे तर झडपेवर गुठळी होण्याचे भय. शिवाय तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या स्त्रीने रक्ताची तपासणी वेळेवर कोठे करावी? ऊतक-झडप घातली तर मूल निर्धास्तपणे होईल, परंतु ते मूल शाळेत जाऊ लागेल तेव्हा आईची दुसरी शस्त्रक्रिया समोर उभी राहील. या दोहोंतून निवड शल्यविशारद एकट्याने करू शकत नाही. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसवलेली चित्रा झडप हा खर्चाच्या प्रश्नाला मिळालेला मोठा देशी तोडगा होय. तथापि ती यांत्रिक असल्यामुळे औषधाचे बंधन तिलाही आहे.

दुसरा पेच धर्मभावनेचा. एक झडप डुकराची, दुसरी गोवंशाची. १८५७ च्या काडतुसांची आठवण होणे अपरिहार्य आहे. परंतु तेथे वस्तू लादली जात होती आणि हेतूविषयी संशय होता. येथे प्रश्न रुग्णाच्या स्वतःच्या प्राणाचा आहे. संकटात निषिद्ध वस्तूही क्षम्य ठरते असा विचार इस्लामी धर्मशास्त्रात आहे, आणि हिंदू परंपरेत ‘आपद्धर्म’ हा शब्दच त्यासाठी आहे. तरीही झडप कशाची आहे हे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी, त्याच्या भाषेत आणि आडपडदा न ठेवता सांगितले गेले पाहिजे. ‘टिश्यू व्हॉल्व्ह’ या गुळगुळीत शब्दामागे ही माहिती सहज लपते.

अलीकडच्या काळात या झडपेने आपला मार्गच बदलला. डेन्मार्कमधील हेनिंग रूड आनर्सन यांनी १९८९ साली तारेच्या जाळीत डुकराची झडप शिवून ती घडी करून रक्तवाहिनीतून डुकरांच्याच शरीरात बसवून पाहिली. २००० साली फिलिप बोनहोफर यांनी बैलाच्या मानेतील नीलेची झडप अशाच रीतीने एका मुलाच्या फुप्फुसरोहिणीच्या मार्गात ठेवली. आणि १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआं येथे आलें क्रिबिए यांनी छाती न उघडता एका सत्तावन्न वर्षांच्या मरणोन्मुख रुग्णाच्या महारोहिणीच्या दाराशी नवी झडप उलगडली. गुजरातेतील वापी येथे तयार होणाऱ्या, गाई-बैलांच्या हृदयावरणापासून केलेल्या अशा एका झडपेला २०१८ साली भारतात मान्यता मिळाली. धातूची गोळी किंवा चकती अशी घडी होऊन नळीत मावत नाही. कमावलेले आवरण मावते. जुनी ऊतक-झडप निकामी झाल्यावर तिच्या पोटातच दुसरी उलगडून बसविण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. त्यामुळे चाळिशीच्या आतबाहेरच्या रुग्णालाही शल्यविशारद कधी कधी ऊतक-झडप सुचवू लागले आहेत. मात्र एका चौकटीत दुसरी चौकट बसली की दार तेवढे अरुंद होते, आणि तिसऱ्या झडपेला जागा उरेल की नाही हे पहिली निवडतानाच मोजून पाहावे लागते.