शेवटच्या कडव्यातलं नाव

गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस गुंफतो. त्या शेराला मक्ता म्हणतात. उर्दूच्या तासाला हे शिकवताना मी लावणीचा दाखला देतो. लावणीच्याही शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा असते. उत्तर पेशवाईतले सगनभाऊ हे मुसलमान शाहीर, धंद्याने शिकलगार. त्यांचं नाव आपल्यापर्यंत आलं ते या मुद्रेमुळेच.

याच वाटेवरचे आमच्या भागातले कवी म्हणजे पठ्ठे बापूराव. आमची कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिथून खाली, वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष आहे. तिथल्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यात १८६६ साली श्रीधर कृष्णाजी जन्मले. ते तमाशाच्या फडात उतरले आणि जातीने त्यांना दूर लोटलं. श्रीधर कुलकर्णी मागे पडले, पठ्ठे बापूराव पुढे आले. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा, जन्माने महार, त्यांच्या फडात आली आणि या जोडीने मुंबई-पुणं गाजवलं.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये एका गरीब ज्यू निर्वासिताचा मुलगाही नाव बदलून अर्विंग बर्लिन झाला. १९११ च्या 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' या गाण्याने तो जगभर पोहोचला. त्याला स्वरलिपी येत नव्हती. पण तिथे गाणं छापून विकलं जाई आणि १९१४ मध्ये गीतकार-संगीतकारांनी आपला मोबदला वसूल करणारी संस्थाच काढली. बर्लिन तिच्या संस्थापकांपैकी एक.

बापूरावांच्या पाठीशी अशी कुठली संस्था नव्हती. लावणी तोंडातोंडी एका फडातून दुसऱ्या फडात जायची. ती कुणाची, हे सांगायला फक्त शेवटचं कडवं. त्या कडव्याने कीर्ती राखली, पोट नाही राखलं. १९४५ साली पुण्यात त्यांचं निधन झालं ते हलाखीत. पाचच वर्षांनी राजा नेने यांचा 'पठ्ठे बापूराव' हा चित्रपट आला.

आणि पवळा? बापूरावांचे शब्द लोकांपर्यंत नेले ते तिच्या गळ्याने, तिच्या पायांनी. पण गाणारीची, नाचणारीची मुद्रा लावणीत बसत नाही. जातीबाहेर जाण्याची किंमत बापूरावांनी मोजली, हे आपण कौतुकाने सांगतो. ज्या जातीत पवळा जन्मली तिची किंमत ती जन्मापासूनच मोजत होती. म्हणून वर्गात बापूरावांचं नाव आलं की फळ्यावर मी दुसरंही नाव लिहितो: पवळा हिवरगावकर.