संग्राम: बादशाहाची ठासणीची बंदूक

अकबर बादशाहाच्या नेमबाजीचे किस्से आपल्याकडे पुष्कळ सांगितले जातात. ऐकताना असे वाटते की हा माणूस बंदूक उचलायचा आणि जनावर पडायचे. त्याचे दरबारी लेखकही याच सुरात लिहितात. पण त्यांच्यापैकीच एक, अबुल फजल, ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर दोन-तीन छोटी प्रकरणे लिहून गेला आहे. ती नीट वाचली तर करामतीपेक्षा मेहनत जास्त दिसते. मला ती प्रकरणे किश्शांपेक्षा जास्त आवडतात.

आधी अडचण समजून घेऊ. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. नळीत वरून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, मग पेटत्या तोड्याने बार काढायचा. कोकणात हा शब्द आजही कानावर पडतो. (बंदूक हा शब्द मात्र अरबीतल्या ‘बुन्दुक’वरून आलेला. ते मुळात एका कवचाच्या फळाचे नाव. फळावरून लहान गोळीला ते नाव पडले आणि गोळीवरून हत्याराला.) गोळी वरून खाली उतरायची तर ती नळीच्या पोकळीपेक्षा थोडी लहानच हवी. मग बार उडाला की ती नळीच्या भिंतींना आपटत बाहेर येते आणि शेवटचा धक्का जशा दिशेने बसेल तशी वळते. पन्नास पावलांवर एवढा फरक चालून जातो. दीडशे-दोनशे पावलांवर हरीण उभे राहून तुमच्याकडे पाहत राहते. त्यात प्रत्येक बारानंतर नळीत दारूची काजळी बसते, म्हणजे पुढचा बार मागच्यासारखा उडेल याची खात्री नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे नळीच्या आतून पीळदार खाचा पाडणे. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत, सरळ जाते. युरोपात हे सोळाव्या शतकातच माहीत होते, पण खाचांत घट्ट बसणारी गोळी वरून ठोकून उतरवायला फार वेळ लागे. १८४९ मध्ये मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी पुढे आणली. ती सहज आत उतरे आणि बार उडताच फुगून खाचांत बसे. इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावरची. तिच्या काडतुसाला वंगण लावावे लागे, आणि त्या वंगणात कोणत्या जनावराची चरबी आहे या प्रश्नावरून १८५७ मध्ये काय झाले ते सर्वांना माहीत आहे. लांबचा नेम साधण्याच्या खटपटीने एका सल्तनतीचा शेवट जवळ आणला, हे आपण इतिहास शिकवताना सहसा सांगत नाही.

अकबराच्या वेळी इथल्या बहुतेक बंदुका बिनखाचेच्या. मग लांबचा नेम साधायचा तर हाती उरते काय? नळी सरळ हवी, मजबूत हवी, स्वच्छ हवी, आणि कोणत्या नळीला किती वजनाची गोळी चालते हे पक्के ठाऊक हवे. शाही कारखान्यात नेमके एवढेच केले जाई, पण अगदी हट्टाने.

अबुल फजल सांगतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा जोडत आणि नळी करत. अशा नळ्या पाव भागापेक्षा जास्त भरता येत नसत, त्या फुटत आणि माणसे जखमी होत. नव्या पद्धतीत पत्रा तिरपा गुंडाळत, कागदाची सुरळी करतात तसा, आणि एक वळी दुसरीवर चढवून हळूहळू तापवून सांधत. अशी नळी तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे.

त्यानंतर परीक्षा. कच्च्या नळीला ‘दौल’ म्हणत. तिच्यावर लोखंडाचे वजन आणि लांबी आकड्यांत कोरली जाई. गोळीचे वजन तेव्हाच ठरे: लांब बंदुकीला जास्तीत जास्त पंचवीस टांक, लहानीला पंधरा. मग जुन्या दस्त्यावर बसवून, एक तृतीयांश नळी दारूने भरून बार काढत. पास झाली तर तोंड घडवून पुन्हा परीक्षा. गोळी वाकडी गेली तर नळी तापवून आत सळई घालत, ती सरळ करत आणि मग कानशीवाल्याकडे देत. बंदूक पूर्ण जुळली की ती ‘सादा’. तिच्याबरोबर पाच गोळ्या बादशाहाकडे जात. तो चार झाडून पाही आणि पाचवी गोळी बंदुकीसोबत परत करी. रंग चढला की ती ‘रंगीन’, आणि पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा चार बार. प्रत्येक टप्प्यानंतर नळी जमा व्हायची ती महालात, म्हणजे जनानखान्यात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लोखंड कुठले, कारागीर कोण, बनली कुठे, तारीख, क्रमांक, हे सगळे बंदुकीवर कोरलेले असे. शिकारीचीही नोंद होई, कोणत्या बंदुकीने काय पडले त्याची. नळ्या साफ करायला पूर्वी एक धट्टाकट्टा माणूस लोखंडी हत्याराने तासन्‌तास घासत बसे. त्याऐवजी जनावराने फिरवायचे एक चाक आले, आणि त्यावर सोळा नळ्या एकदम साफ होऊ लागल्या. हे सगळे शोध अबुल फजल बादशाहाच्या नावावर जमा करतो. ते त्याचे कामच होते. पण त्याच्याच तोंडून दोन नावे निसटली आहेत: उस्ताद कबीर आणि हुसैन. नळी सरळ करताना ज्यांचे हात भाजले असतील, त्या सगळ्या लोहारांच्या वतीने इतिहासात एवढीच दोन नावे.

खास बंदुकांपैकी बारा बंदुका बारा महिन्यांसाठी ठरलेल्या होत्या. पहिल्या महिन्याची, फरवरदीनची, बंदूक म्हणजे ‘संग्राम’. बादशाहाने फारसी दरबारात आपल्या सर्वात लाडक्या बंदुकीला संस्कृत नाव ठेवले, याची मला अजून गंमत वाटते. तिच्या नावावर ‘आईन’मध्ये एक हजार एकोणीस जनावरांची नोंद आहे.

पण संग्राम जनावरांवरच चालली नाही. फेब्रुवारी १५६८, चितोडचा वेढा. रात्रीची वेळ. फुटलेल्या तटाजवळ ‘हजारमेखी’ चिलखत घातलेला एक सरदार डागडुजीवर देखरेख करत होता. अकबराने शिस्त धरून संग्रामचा बार काढला आणि जवळच्या राजा भगवंतदासाला म्हटले की शिकार लागल्यावर हाताला जसे वाटते तसे आता वाटले. तो सरदार किल्ल्याचा प्रमुख जयमल होता. थोड्याच वेळात किल्ल्यात जोहराच्या ज्वाळा दिसू लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. मारल्या गेलेल्यांचा आकडा अबुल फजल स्वतःच तीस हजारांच्या घरात देतो. त्यांत लढवय्यांबरोबर साधे शेतकरीही होते. आपल्यातले काही लोक हा भाग गाळून फक्त नेमाचे कौतुक करतात. काही लोक फक्त हाच भाग सांगतात आणि पुढची सदतीस वर्षे गाळतात. माणसाला लागलेल्या गोळीचे वर्णन शिकारीच्या भाषेत व्हावे, हे मला त्या आकड्याइतकेच अस्वस्थ करते. गाळायचे मात्र काहीच नाही.

आता महालातल्या बंदुकांकडे येऊ. जहांगीरच्या काळात तिथून एक वेगळीच नेमबाज पुढे आली. १६१७ मध्ये नूरजहांने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले. दोघांना एकेक गोळी, उरलेल्या दोघांना मिळून चार. एकही वाया नाही. वाघाचा वास आला की हत्ती एका जागी ठरत नाही, त्यामुळे अंबारीतून नेम धरणे फार अवघड, असे जहांगीर ‘तुझुक’मध्ये लिहितो. मिर्झा रुस्तम हा त्याच्या मते त्याच्यानंतरचा पहिला नेमबाज, पण हत्तीवरून त्याचेही तीन-तीन, चार-चार बार फुकट गेले होते. १६१९ मध्ये मथुरेजवळ पुन्हा वाघाची तक्रार आली. तोवर जहांगीरने स्वतःच्या हाताने जीव न घेण्याचा नवस केला होता, म्हणून बंदूक नूरजहांच्या हाती दिली. एका गोळीत काम झाले. (आज वाघाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.)

सहा गोळ्यांच्या त्या दिवशी जहांगीरने तिच्यावरून हजार अशर्फ्या ओवाळल्या आणि लाख रुपयांच्या हिऱ्यांच्या पोहोच्या दिल्या. बंदूक कोणत्या उस्तादाने घडवली होती, हे मात्र त्यानेही लिहिलेले नाही.