भाव सांगणारें यंत्र आणि त्याची दलाली



गुरांच्या बाजारांत आपल्यापैकीं कोणी गेला असेल, तर त्यानें एक मौजेचा देखावा पाहिला असेल. खोंडापाशीं दोन माणसें उभीं आहेत. तोंडून चकार शब्द नाहीं. दोघांचे हात एका उपरण्याखालीं झांकलेले आहेत आणि त्या उपरण्याच्या आंत बोटें दाबून सौदा ठरत आहे. भोंवतालच्या दहा जणांना बैल दिसतो, मालक दिसतो, दलाल दिसतो. किंमत तेवढी दिसत नाहीं. या रीतीला हत्ता पद्धत म्हणतात; धान्याच्या कित्येक पेठांतही ती एके काळीं रूढ होती. आजचा माझा विषय तसा अगदीं अलीकडचा आहे. इंटरनेटवर खरेदी करतांना निरनिराळ्या दुकानांतील किंमती ताडून पाहणारीं जीं शोधयंत्रें निघालीं, त्यांचा इतिहास मी सांगणार आहें. परंतु त्या इतिहासाकडे पाहतांना मला वारंवार या उपरण्याची आठवण होते. किंमत झांकलेली राहण्यांत ज्याचें हित आहे असा एक, ती उघडी व्हावी असें ज्याला वाटतें असा दुसरा, आणि मध्यें उभा राहून दलाली घेणारा तिसरा, हीं तीन पात्रें त्या बाजारांत होतीं, तींच या बाजारांतही आहेत.

उपरणें बाजूला सारण्याचा एक मोठा उद्योग एकोणिसाव्या शतकांतील मोठ्या दुकानदारांनीं केला. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानांत आरिस्तीद बुसिको यानें १८५२ पासून जिनसेवर किंमतीची चिठ्ठी लावून सर्वांना एकच भाव, ही रीत रूढ केली. घासाघीस संपली आणि भिडस्त गिऱ्हाइकाची सुटका झाली. तथापि या दुकानांतली चिठ्ठी आणि पलीकडच्या गल्लींतली चिठ्ठी यांची गांठ घालून देणारा कोणी नव्हता. तें काम गिऱ्हाइकानें आपल्या पायांनींच करावयाचें.

या पायपिटीचें गणित जॉर्ज स्टिग्लर या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं एका निबंधांत मांडलें. एकाच शहरांत एकाच बनावटीची शेव्हरोले मोटार निरनिराळे विक्रेते निरनिराळ्या किंमतींना देतात, हें दाखवून त्यानें त्याचें कारण सांगितलें तें असें कीं, शोधालाही मोल पडतें. आणखी एक दुकान पाहिल्यानें जितके पैसे वांचण्याचा संभव, त्याहून तें दुकान गांठण्याचा त्रास अधिक वाटूं लागला कीं माणूस थांबतो. आणि तो थांबतो म्हणूनच महाग दुकानही चालतें. स्टिग्लरला १९८२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. आपली गृहिणी मंडईतल्या पहिल्याच गाळ्यावर भाजी घेत नाहीं आणि शेवटच्या गाळ्यापर्यंतही जात नाहीं, हा तोच सिद्धांत होय; तिनें तो निबंधरूपानें प्रसिद्ध केला नाहीं इतकेंच.

संगणकांचें जाळें पसरूं लागलें तेव्हां हा शोधाचा खर्च एकदम शून्यावर येणार, अशी आशा पुष्कळांना वाटूं लागली. १९९५ सालीं अँडरसन कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेनें ‘बार्गेनफाइंडर’ नांवाचा एक कार्यक्रम जाळ्यावर प्रयोगादाखल ठेवला. आपण गाण्याच्या तबकडीचें नांव लिहावें. मग यंत्रानें जाळ्यावरील दुकानांतून क्षणांत फिरून यावें आणि सर्वांचे भाव एकाखालीं एक मांडून दाखवावेत. पुढें घडलें तें मोठें बोधप्रद आहे. त्या दुकानांपैकीं कित्येकांनीं या आगंतुकाला ओळखून दारेंच लावून घेतलीं. माणूस भाव विचारूं लागला तर दुकानदार हंसून बसावयास सांगतो. तोच प्रश्न यंत्रानें केला तर त्याला हांकलून देतो! भावावांचून दुसऱ्या कशावरही आपली पारख होऊं नये, हें त्या दुकानदारांना रुचलें नाहीं. त्यांची तक्रार सर्वस्वी लटकी होती असें मी म्हणणार नाहीं. चांगला दुकानदार मालाची माहिती देतो, सल्ला देतो. आणि तो सल्ला ऐकून घेऊन गिऱ्हाईक चार आणे स्वस्त म्हणून शेजारच्याकडे गेलें, तर सल्ला देण्याची हौस किती दिवस टिकावी?

पुढच्या यंत्रांना हांकलून देण्याचें कारण उरलें नाहीं. तीं विकत घेतलीं गेलीं. वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं दुकानाच्या पानांची ठेवण आपली आपण शिकून घेणारें एक यंत्र तयार केलें. त्यांतून ‘जँगो’ निघालें आणि त्याची मालक कंपनी नेटबॉट ही १९९७ मध्यें एक्साइट या कंपनीनें साडेतीन कोटि डॉलरांना घेतली. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेल्या ‘जंगली’ या कंपनीची कथा याहून मनोरंजक आहे. तिच्या संस्थापकांत भारतीय तरुण मुख्य होते. अनेक ठिकाणीं विखुरलेली माहिती एकत्र आणून ती एकाच कोष्टकाप्रमाणें शोधतां यावी, ही त्यांची विद्या. १९९८ सालीं ॲमेझॉननें ती कंपनी घेतली. आणि तेथें गेल्यावर याच मंडळींपैकीं कांहींजणांनीं इतर विक्रेत्यांना ॲमेझॉनच्याच दुकानांत माल मांडूं देणारी ‘मार्केटप्लेस’ ही योजना उभारण्यास हातभार लावला. ती २००० सालीं सुरू झाली. मंडईभर भाव सांगत हिंडणाऱ्या माणसाला एका गाळेवाल्यानें नोकरीस ठेवावें आणि त्याच्याकडून आपल्या गाळ्यांतच मंडई भरवून घ्यावी, तसा हा प्रकार झाला.

हेंच नांव पुढें आपल्या देशांत पुन्हां अवतरलें. परदेशी कंपनीनें इंटरनेटवरून ग्राहकाला स्वतःचा माल विकूं नये असा आपल्याकडे निर्बंध होता. म्हणून ॲमेझॉननें फेब्रुवारी २०१२ मध्यें ‘जंगली’ याच नांवानें नुसती भाव दाखवणारी जागा उघडली. वस्तु पाहावी, भाव ताडावा, आणि घ्यावयाची झाली तर ज्याची त्याच्या दुकानांत जावें. १६ महिन्यांनीं, जून २०१३ मध्यें, इतर विक्रेत्यांसाठीं बाजारपेठ या स्वरूपांत ॲमेझॉनचें भारतांतील दुकान सुरू झालें, आणि २०१७ मध्यें ‘जंगली’ बंद झालें. दुकान थाटल्यावर दलालाचें काम काय?

या यंत्रांनीं गिऱ्हाइकाचें कांहींच कल्याण केलें नाहीं असा मात्र समज होऊं देऊं नये. ब्राउन आणि गूल्सबी या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, विम्याचे दर शेजारीं शेजारीं मांडणाऱ्या संकेतस्थळांमुळें अमेरिकेंत मुदतीच्या आयुर्विम्याचे दर ८ ते १५ टक्क्यांनीं उतरले. ही बचत लहान नव्हे. पण विक्रेताही कांहीं झोंपलेला नव्हता. संगणकाच्या सुट्या भागांचे भाव दाखवणाऱ्या ‘प्राइसवॉच’ नामक स्थळाचा अभ्यास ग्लेन व सारा एलिसन यांनीं केला आहे. यादींत सर्वांत स्वस्त तो सर्वांत वर, असा तेथें नियम. तेव्हां कांहीं विक्रेत्यांनीं वस्तूची किंमत १ डॉलर लिहावी आणि ती पोंचवण्याचा आकार ४० डॉलर लावावा! यंत्रानें उपरणें ओढलें, तर विक्रेत्यानें आंत दुसरें गुंडाळून घेतलें. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं कुकर मागवतांना मला याचाच प्रत्यय आला. सर्वांत स्वस्त म्हणून निवडलेला कुकर, हाताळणीचा आकार आणि पोंचवणुकीचा आकार मिळवल्यावर, चौकांतल्या भांड्यांच्या दुकानापेक्षां महाग ठरला. त्या दुकानदारानें शिट्टीची रबरी चकती फुकट दिली असती, ती वेगळीच.

याहून सूक्ष्म कावा २००० सालीं उघडकीस आला. ॲमेझॉनवर एकच चित्रपटाची डीव्हीडी निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळ्या भावानें दिसत आहे, हें गिऱ्हाइकांनींच आपसांत भाव ताडून शोधून काढलें. तो केवळ एक प्रयोग होता व भाव चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरले होते, असा कंपनीनें खुलासा केला आणि सुमारे सात हजार ग्राहकांना फरकाचे पैसे परत दिले. बुसिकोच्या चिठ्ठीवर सर्वांना एकच आंकडा वाचतां येत असे. या चिठ्ठीवर वाचणारा बदलला कीं आंकडा बदलत होता.

आतां दलालीचा मुख्य प्रश्न. भाव शोधून देण्याबद्दल गिऱ्हाईक एक कवडी देत नाहीं. मग या यंत्राचें पोट कोण भरतो? गूगलनें डिसेंबर २००२ मध्यें ‘फ्रूगल’ ही सेवा काढली, तेव्हां तिच्या यादींत येण्यास दुकानदाराला कांहीं द्यावें लागत नसे. पुढें तिचें नांव बदललें, आणि २०१२ सालीं अमेरिकेंत नियमच बदलला: पैसे देईल त्याचाच माल दिसेल. पैसे देणारा दुकानदार आपली माहिती ताजी व अचूक ठेवतो, असें समर्थन करण्यांत आलें. त्यांत तथ्य असेलही. पण जो दुकानदार स्वस्त विकतो आणि म्हणूनच जाहिरातीस पैसा काढूं शकत नाहीं, त्याचें नांव अशा यादींतून गळतें, आणि आपण मात्र सगळा बाजार पाहिला अशा समाधानांत असतों.

याच सुमारास एक वेगळा खटला उभा राहिला होता. इंग्लंडांत शिवॉन व ॲडम रॅफ या दांपत्यानें ‘फाउंडेम’ नांवाचें किंमती ताडून पाहणारें स्थळ जून २००६ मध्यें लोकांपुढें आणलें. थोड्याच दिवसांत तें गूगलच्या शोधयादींत इतकें खालीं गेलें कीं कोणाच्या दृष्टीस पडेना. दुसऱ्यांचीच माहिती उतरवून देणारीं स्थळें वाचकाच्या फारशा उपयोगाचीं नसतात, असें गूगलचें म्हणणें. रॅफ दांपत्यानें २००९ सालीं युरोपियन कमिशनकडे दाद मागितली. चौकशी सात वर्षांहून अधिक काळ चालली. २७ जून २०१७ रोजीं कमिशननें निर्णय दिला कीं, गूगलनें आपल्या स्वतःच्या तुलनासेवेला पानाच्या माथ्यावर मानाचें स्थान दिलें व प्रतिस्पर्ध्यांना खालीं ढकललें. आणि सुमारे २४२ कोटि युरोंचा दंड केला. त्या निर्णयांतील आंकडे ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिल्या पानावरील दहा उत्तरांकडे सुमारें ९५ टक्के वाचक वळतात. दुसऱ्या पानावरील पहिल्या उत्तराच्या वांट्याला अवघा १ टक्का येतो. आणि प्रतिस्पर्ध्यांपैकीं सर्वांत वरचा, तोही सरासरीनें चौथ्या पानावर. स्टिग्लरची गृहिणी पायांनीं दमून थांबत होती. ही बोटानें दमून थांबते.

गूगलनें वरिष्ठ न्यायालयांत अपील केलें. २०२१ मध्यें तें मुख्यतः फेटाळलें गेलें, आणि १० सप्टेंबर २०२४ रोजीं युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानें दंड कायम केला. फाउंडेम २०१६ सालींच बंद पडलें होतें.