ढगाच्या पोटातलं जंगल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ढगांशी माझं नातं जुनं आहे. घरात दखनीतून ‘बादल’ कानावर पडला, शाळेत ‘मेघ’ शिकलो आणि शेतकऱ्यांच्या तोंडून ‘आभाळ आलं’ असं ऐकत मोठा झालो. हे तिन्ही शब्द ढगाकडं खालून पाहणाऱ्यांचे आहेत. वैशाखातल्या दुपारी वळवाचा ढग चढू लागतो, त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो, पोट काळंनिळं होतं. त्या पोटात काय चाललं आहे, हे मात्र खालून कुणालाच दिसत नाही.

प्रवासी विमानाचा वैमानिक असा ढग दिसला की लांबून वळसा घालतो, आणि तेच शहाणपणाचं. आज मला सांगायचं आहे ते वळसा न घालणाऱ्या विमानांविषयी. त्यातही दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलावर उडालेल्या विमानांविषयी. ती निघाली होती ढगाचा शोध घ्यायला. त्यांना ढगात सापडलं ते जंगल.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धानंतर. वादळी ढगांनी तोवर कितीतरी विमानांचा घास घेतला होता. म्हणून अमेरिकेनं १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत एक मोठा प्रयोग केला. शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स त्याचे प्रमुख होते. युद्धातून मोकळी झालेली ‘ब्लॅक विडो’ नावाची लढाऊ विमानं वेगवेगळ्या उंचीवरून, एकाखाली एक अशी ढगात शिरत. आतल्या झोतानं विमान वर उचललं किंवा खाली ढकललं, तरी त्याच्याशी झगडू नका, अशी वैमानिकांना सूचना होती. विमान किती फेकलं गेलं, त्यावरूनच झोताचा वेग काढायचा होता! ह्या धाडसातून कळलं, की वादळी ढगालाही बालपण, तारुण्य आणि म्हातारपण असतं. आधी हवा नुसती वर चढते. मग चढणारी हवा आणि पावसाबरोबर कोसळणारी हवा शेजारी शेजारी वाहू लागतात. शेवटी कोसळणारी तेवढी उरते आणि ढग विरतो. हा सारा संसार साधारण तासाभराचा.

यानंतर नाव घ्यावं लागतं ते जोआन सिम्पसन यांचं. हवामानशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. वर्ष होतं १९४९. हे क्षेत्र बायकांचं नव्हे, असं सांगणारे नामवंत प्राध्यापक तेव्हा भोवती होते. त्यांनी ढग हा विषय निवडला, तेव्हा त्याला फारशी प्रतिष्ठाही नव्हती. नौदलाच्या जुन्या विमानातून त्या कॅरिबियन समुद्रावरच्या ढगांत हिंडल्या. १९५८ मध्ये हर्बर्ट रील यांच्यासोबत त्यांनी एक विलक्षण विचार मांडला. विषुववृत्ताजवळची तापलेली, ओली हवा इतक्या उंचावर जाते कशी? सगळीकडून हळूहळू नव्हे, तर मोजक्या उंच ढगांच्या धुराड्यांतून. साऱ्या पृथ्वीवर एका वेळी असे दीड हजार ते पाच हजार ढग उभे असले, तरी ते काम भागतं. ह्या ढगांना त्यांनी नाव दिलं ‘गरम मनोरे’.

मग विमानं समुद्रांवर निघाली. १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या डकारहून अनेक देशांची विमानं अटलांटिकवर उडाली. १९७९ च्या जूनमध्ये आपल्या मुंबईतून अमेरिकन संशोधन विमानांनी अरबी समुद्रावरच्या मान्सूनचा वेध घेतला. पण ह्या गरम मनोऱ्यांची गर्दी जमिनीवरही असते. ॲमेझॉनचं खोरं, आफ्रिकेतलं काँगोचं खोरं आणि इंडोनेशियाची बेटं ही तिची तीन मोठी ठिकाणं. तिन्ही ठिकाणी घनदाट वर्षावन आहे. हा योगायोग होता का?

ॲमेझॉनबद्दल एक धागा जमिनीवरच मिळाला होता. एनेआस सलाती ह्या ब्राझिलियन शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण तपासलं. अटलांटिककडून आलेली वाफ एकदाच बरसून संपत नाही, हे त्यातून दिसलं. झाडं पाणी शोषतात, पानांतून पुन्हा वाफ सोडतात आणि तीच वाफ पुढं पश्चिमेला पुन्हा पाऊस होऊन पडते. तिथला सुमारे निम्मा पाऊस असा जंगलाच्या हातून परत आलेला असतो.

१९८५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नासाचं ‘इलेक्ट्रा’ नावाचं चार पंख्यांचं विमान जंगलाच्या मधोमध वसलेल्या मानाउस शहरात उतरलं. ब्राझीलचे शास्त्रज्ञ बरोबरीनं कामाला होते. ते कोरडे महिने होते. ऐन पावसाळा पाहण्यासाठी १९८७ च्या एप्रिल-मेमध्ये हीच मंडळी पुन्हा आली. विमान कधी झाडांच्या शेंड्यांवरून खालून उडे, कधी ढगांच्या आसपास उंचावर, आणि हवेत कोणते वायू किती आहेत ते मोजत जाई. तेव्हा लक्षात आलं, की शेंड्यांलगतची हवा मोठे ढग भात्यासारखी ओढून घेतात आणि थोड्या वेळात कित्येक किलोमीटर वर नेऊन सोडतात. झाडांनी, मातीनं जे काही हवेत सोडलं, ते ढगाच्या वाटेनं आभाळाच्या वरच्या मजल्यावर पोचतं.

पुढचा टप्पा १९९९ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला. उष्ण प्रदेशातला पाऊस अंतराळातून मोजणारा एक उपग्रह अमेरिका आणि जपान यांनी १९९७ मध्ये सोडला होता. त्यामागची प्रमुख शास्त्रज्ञ होती जोआन सिम्पसन हीच जिद्दी बाई. उपग्रहाचं मोजमाप पडताळण्यासाठी ॲमेझॉनच्या नैर्ऋत्येला, रोंडोनिया प्रांतावर विमानं उडाली. ‘ईआर-२’ हे विमान २० किलोमीटर उंचीवरून, म्हणजे बहुतेक ढगांच्याही माथ्यावरून पाहत होतं. त्यात एकटा वैमानिक, अंगात अंतराळवीरासारखा पोशाख. त्याच वेळी ‘सायटेशन’ नावाचं छोटं जेट प्रत्यक्ष ढगांत शिरत होतं. एकाच जंगलावरच्या ढगांचे दोन स्वभाव तेव्हा दिसले. वारा पूर्वेचा असला की ढग उंच, तापट, विजा पाडणारे. वारा पश्चिमेचा असला की ढग पसरट आणि पाऊस संथ, भर समुद्रावर पडावा तसा. पावसाळ्यात तिथली हवा इतकी स्वच्छ असते, की शास्त्रज्ञ ह्या जंगलाला ‘हिरवा समुद्र’ म्हणू लागले.

हवा स्वच्छ असण्याचा पावसाशी काय संबंध? वाफेचा थेंब व्हायला कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा, मिठाचा, धुराचा एखादा अतिसूक्ष्म कण. कण थोडे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर पाणी येतं, थेंब मोठे होतात आणि लवकर पडतात. कण फार झाले तर तेच पाणी असंख्य थेंबांत वाटलं जातं, आणि इतका हलका थेंब पडणार कसा?

२००२ च्या कोरड्या महिन्यांत हे डोळ्यांसमोर आलं. रोंडोनियात शेतीसाठी, कुरणांसाठी जंगल जाळलं जात होतं आणि संशोधकांची विमानं त्या धुरानं भरलेल्या ढगांत शिरत होती. माइनराट आंद्रेए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. स्वच्छ ढगात तळापासून दीड किलोमीटरवरच पावसाचे थेंब तयार होतात. धुरकट ढगात त्यासाठी पाच किलोमीटरहून वर जावं लागतं. आगीच्या थेट डोक्यावर उठलेल्या ढगात तर सातहून वर. खाली अडलेलं पाणी वर जाऊन गोठतं, आणि मग गारा आणि विजा घेऊन उतरतं. ‘मेघदूता’त कालिदासानं ढगाच्या घटकांत धूरही मोजला होता. पण इतका धूर त्याच्या मनात नसावा.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. धूर-धूळ आणि ढग यांचं नातं तपासायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २००९ पासून ‘कायपीक्स’ ही विमान मोहीम हाती घेतली. २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या आभाळातल्या ढगांवर तिचा भर होता. ढग येतो, गडगडतो आणि न बरसता जातो म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

परत ॲमेझॉनकडं जाऊ. धुराचं कळलं, पण एक कोडं उरलं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये जर्मनीचं ‘हालो’ हे जेट विमान मानाउसहून उडालं. जमिनीपासून खूप वर, जिथं हवा निर्मळ असेल असं वाटावं, तिथं त्याला सूक्ष्म कणांचे थवेच्या थवे सापडले. तिथं ना आग, ना कारखाना. मग हे कण आले कुठून?

उत्तरासाठी तेच विमान डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा मानाउसला आलं, आणि २०२४ च्या डिसेंबरात ते उत्तर प्रसिद्ध झालं. झाडं पानांतून आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. दिवसा उन्हात तो काही तासांत नाहीसा होतो. संध्याकाळी जो शिल्लक राहतो, त्याला रात्रीचे वादळी ढग ओढून ८ ते १५ किलोमीटर उंचीवर नेतात. विजेच्या लखलखाटात नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. मग सूर्य उगवतो, आणि त्या कडाक्याच्या थंडीत ह्या दोहोंच्या संयोगातून नवे कण जन्माला येतात. ते वाऱ्याबरोबर दूरवर जातात, वाढतात, आणि कधीतरी दुसऱ्या एखाद्या ढगातल्या थेंबाचं बीज होतात. म्हणजे पाणी जंगलाचं होतंच, थेंबाचं बीजही जंगलाचंच निघालं.

आम्ही कवींनी पावसाला कायम पाहुणा मानलं. तो समुद्राकडून येतो, झाडं नुसती वाट पाहत उभी असतात, असंच लिहीत आलो. झाडं तोडली तर पाऊस कमी होतो, असं गावची म्हातारी माणसं सांगत, तेव्हा ती भाबडी समजूत वाटायची. ॲमेझॉनपुरतं तरी ह्या विमानांनी हिशेबच मांडून दाखवला. तिथं झाड पावसाची वाट पाहत नाही, पाऊस घडवायला हात लावतं.

हा हिशेब अशा वेळी हाती आला आहे, की त्या जंगलाचा सुमारे सहावा भाग आधीच गेला आहे. एक चतुर्थांशाच्या आसपास गेलं तर मोठ्या भागात जंगल स्वतःला सावरू शकणार नाही आणि तिथं विरळ झाडांचं माळरान होईल, असा इशारा टॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे ह्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दिला. माळरानावरही ढग येतील. पण त्यांना उचलायला तेवढी वाफ नसेल, आणि रात्री वर न्यायला पानांचा तो वायूही नसेल.

अजून पन्नास वर्षांनी कुणी विमान घेऊन पुन्हा त्या आभाळात जाईल. आपल्या काळातल्या ह्या नोंदी त्याच्या हातात असतील. त्या शेजारी ठेवून तो आपली नवी मोजमापं वाचेल आणि ढगाच्या पोटात जंगल अजून आहे की नाही, ते त्याला लगेच कळेल.