थोरली कोण, धाकटी कोण?

पनवेलहून गोव्याकडे निघाले की वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये या गावी झाला. १८८३ मध्ये एडनला बंदिवासात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच, १८८१ मध्ये, पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव त्रूव्हे यांची विजेवरची तीनचाकी धावली. कार्ल बेंझ यांच्या पेट्रोल गाडीचे पेटंट मात्र १८८६ चे. म्हणजे आज या रस्त्यावर ‘नवी’ म्हणून दिसणारी विजेची गाडी वयाने थोरली आहे!

वेगवान विजेची सेडान घ्यावी, की हाताने गिअर बदलण्याची स्पोर्ट्स कार, असा प्रश्न आज हौशी माणसाला पडतो. आपण आधी विचारू: गिअर लागतातच कशाला? पेट्रोल इंजिन थांबलेले असताना जोर लावू शकत नाही, आणि फिरू लागल्यावरही त्याचा भरपूर जोर ठरावीक वेगातच मिळतो. म्हणून क्लच आणि गिअर. विजेची मोटर पहिल्या फेरीपासून जोर देते. ताशी १०० किलोमीटरचा वेग मोटारीने प्रथम ओलांडला तो १८९९ मध्ये, कामिय जेनात्सी यांच्या विजेच्या गाडीने.

मग ती मागे का पडली? दोष मोटरचा नव्हता, शिदोरीचा होता. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो शिशाच्या बॅटरीत एका युनिटचा जेमतेम पंचविसावा भाग. इंजिनाने बरीचशी ऊर्जा उष्णतेत दवडली तरी पेट्रोलच सरस ठरे. त्यात १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. गंमत अशी, की तो स्टार्टर म्हणजे विजेचीच मोटर!

जिथे शिदोरी वाहावी लागत नव्हती, तिथे वीज जिंकली. पनवेलपासून फार दूर नसलेल्या बोरघाटात १९२९ मध्ये विजेची रेल्वे इंजिने चढू लागली; त्यांना वीज वरच्या तारेतून मिळे. रस्त्यावरच्या गाडीला मात्र लिथियम बॅटरीची वाट पाहावी लागली. ती १९९१ मध्ये बाजारात आली. आज तिच्यात किलोमागे साधारण युनिटचा सहावा-सातवा भाग मावतो.

गिअर बदलण्यातला आनंद खोटा नाही. इंजिनाची उणीव हाताने सांभाळण्याचे ते कसब आहे. पण निवड करताना केवळ वेग पाहून भागणार नाही. बॅटरीतली वीज कोळशाची की पाण्याची, उन्हाची, हेही विचारायला हवे. वर्गात हा प्रश्न जरूर मांडावा: गाडीची खरी शिदोरी कुठे शिजते?