हापशाच्या तळाशी

पाण्याचा इतिहास म्हटला की आपण महाडपासून सुरुवात करतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते 'विटाळले' म्हणून सवर्णांनी तळ्यात दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून शुद्धी केली. शेण कालवलेले पाणी शुद्ध आणि माणसाने प्यालेले अशुद्ध! या शुद्धतेत परीक्षा पाण्याची नव्हतीच. ती माणसाच्या जातीची होती.

मुंबई इलाख्यात बोले ठराव १९२३ सालीच झाला होता. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात. तो ठराव आमच्या पाणवठ्यांसाठी नव्हताच. १९५० साली संविधानाने विहिरी-तळी सर्वांना खुली केली. तरीही माझी आजी पुढे कित्येक वर्षे विहिरीपासून दूर घागर मांडून, कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून, उन्हात बसून राहिली.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या बौद्धवाड्यात बोअर पडला, हापसा आला. आजी म्हणायची, "हापसा आला अन् माझी मान वर झाली." त्या लोखंडी दांड्याला जात कळत नव्हती. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे मारली गेली, दलितांच्या पिण्याच्या विहिरी नासवल्या गेल्या. ते विष डोळ्यांना दिसत होते. आज मला न दिसणाऱ्या विषाबद्दल बोलायचे आहे.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एका विद्यार्थ्याचे तपकिरी डागांचे दात पाहून मी त्याला गुटख्यावरून रागावलो. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आमच्या वस्तीतल्या लहान लेकरांचेही दात असेच आहेत." त्या दिवशी मी शिक्षक म्हणून नापास झालो.

लातूर आणि नांदेडचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा; नांदेडच्या पूर्व कडेला ग्रॅनाइट आहे. खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरते. बोअर खोल जातो तसे खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी वर येते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर आधी दात जातात. प्रमाण फारच वाढले तर हाडे आखडतात.

फ्लोराइड हा धातू नव्हे. तो निदान दातांवर साक्ष ठेवतो. शिसे, कॅडमियम सहसा तेवढीही ठेवत नाहीत. शिसे मुलांच्या मेंदूवर घाव घालते, कॅडमियम मूत्रपिंडे निकामी करते, आर्सेनिकमुळे कर्करोग होतो. शिसे आणि आर्सेनिक यांची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३. पाणी उकळून हे विष जात नाही. पाणी आटते आणि विष तेवढेच उरते.

बांगलादेशाचा धडा आपण विसरू नये. तळ्यांच्या पाण्याने लेकरे दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकात तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासले नाही. १९९३ मध्ये ते उघड झाले, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते.

आपल्याकडे तसेच घडले आहे, असा माझा दावा नाही. माझा प्रश्न साधा आहे: आपल्या वस्तीच्या हापशाचे पाणी कुणी, कधी, कशासाठी तपासले? गावपातळीवरच्या तपासणी संचात फ्लोराइड, नायट्रेट कळते. शिसे, कॅडमियम कळत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. मग नमुना गावातल्या विहिरीचा घेतला की आपल्या वस्तीतल्या बोअरचा, हे ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे. अहवाल मोठ्याने वाचायला लावला पाहिजे. शिकलेल्या पोरापोरींनी हे काम अंगावर घ्यावे.

पाणी पिण्याचा हक्क आपल्या माणसांनी मार खाऊन मिळवला. प्यालेले पाणी विषारी नसावे, हा त्याच हक्काचा उरलेला अर्धा भाग आहे. तो अर्धा अजून मिळवायचा आहे.